पूल बळी मागतो काय?

१ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी मुखेडच्या बसस्थानकाजवळील एका हॉटेलात मी चहा घेत होतो. आदल्या रात्री ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सरलांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गावरील पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवणारे प्रचंड यंत्र गर्डरसह खाली कोसळले होते. मृतांचा आकडा तासातासाला वाढत होता. अखेर तो वीसवर जाऊन थांबला. टीव्हीवर ती दृश्ये चालू होती. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ तिकडे पाहत शांतपणे म्हणाले, "एवढा मोठा पूल. बळी घेतल्याबिगर उभा ऱ्हातो का?" हॉटेलातील कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. त्याच दिवशी वर्गात, घनपदार्थांचे गुणधर्म शिकवत असताना, एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पुलाला बळी लागतो हे खरं आहे का?" काही मुले हसली. मला हसता आले नाही.

हसता न येण्याचे कारण व्यक्तिगत आहे, पण ते सांगितल्यावाचून पुढचे विवेचन करता येणार नाही. मी येथील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझा बा सेंटरिंगच्या कामावर जात असे आणि माय टोपले वाहत असे. मी सातवीत असताना तालुक्यातील एका ओढ्यावर लहानशा पुलाचा स्लॅब टाकणे चालू होते. मृगाचा पहिला पाऊस दोन दिवसांपूर्वी होऊन गेला होता. दुपारच्या सुमारास बाला खालून लाकूड करकरल्याचा आवाज आला. तो मुकादमाला म्हणाला, "बल्ली करकरायली. जरा थांबवा." मुकादम म्हणाला, "तू विंजनेर हैस का? तुझं टोपलं उचल." बा पाणी पिण्याच्या निमित्ताने खाली उतरला आणि मायलाही हाक मारून त्याने बाजूला घेतले. पाच-दहा मिनिटांत स्लॅबचा अर्धा भाग बसला. आमच्या वस्तीतील एक बाई त्याखाली गेली. ती मायच्या मागेच टोपले घेऊन उभी होती.

काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले तेव्हा गुत्तेदाराने ओढ्यात बोकड कापला, नारळ फोडला, लिंबू उतरवून टाकले. बल्ल्या मात्र त्याच होत्या. त्या बाईच्या घरच्यांना एकदा काही रक्कम मिळाली आणि प्रकरण मिटले. आमच्या वस्तीतील जाणत्या माणसांनीही हेच म्हटले, की पुलाने आपला बळी घेतला.

हा समज आपल्याला नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. इमारतींच्या पायात आपल्या लोकांना पुरले जात असे, हे त्या मुलीने त्यात नोंदवले आहे. बांधकामाला बळी लागतो हे ज्यांनी सांगितले, त्यांनी बळी कोणाचा द्यायचा हेही ठरवून ठेवले होते. आज कोणी कोणाला पायात पुरत नाही. परंतु मजूर पुलाखाली मेला की 'दैव', 'दुर्दैवी घटना', 'काळाचा घाला' हे शब्द वापरले जातात. हे शब्द त्याच जुन्या समजाचे सुशिक्षित रूप आहे. म्हणून पूल बांधताना का कोसळतो हा प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोडून देण्यासारखा नाही. तो आपल्या विचाराचाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर साधे आहे, सातवी शिकलेल्या माणसालाही समजेल असे आहे, आणि ते आपल्या माणसांना माहीत असलेच पाहिजे.

२

पूल का कोसळतो असे विचारले की सामान्यतः एकच उत्तर मिळते: सिमेंट खाल्ले, लोखंड खाल्ले. तसे घडते हे कोणी नाकारणार नाही. परंतु उत्तम सिमेंट आणि नकाशाबरहुकूम लोखंड असलेला पूलही बांधताना पडू शकतो. कारण बांधून झालेला पूल आणि बांधला जात असलेला पूल या दोन वेगळ्या रचना आहेत. नकाशात दाखवलेला पूल हा शेवटच्या दिवसाचा असतो. त्याआधीच्या प्रत्येक दिवशी तेथे एक निराळा, अपुरा पूल उभा असतो. त्याला अजून स्वतःचे वजन पेलता येत नाही. ते वजन टेके, बल्ल्या, प्लेटा, तात्पुरते लोखंडी मनोरे, यंत्रे यांच्यावर असते. काम संपले की या वस्तू निघून जातात. उद्‌घाटनाच्या दिवशी त्यांतली एकही दिसत नाही. दिसत नाही त्या गोष्टीवर पैसा आणि डोके कमी खर्च होते. बांधकाम चालू असताना पडणाऱ्या कित्येक पुलांचे मूळ येथे आहे.

आमच्या भागातील ओढ्यावरचा साधा पूल उदाहरणादाखल घेऊ. समजा स्लॅब आठ मीटर लांब, साडेसात मीटर रुंद आणि साठ सेंटीमीटर जाड आहे. म्हणजे छत्तीस घनमीटर काँक्रीट. लोखंडासह एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे अडीच टन भरते. छत्तीस घनमीटरचे झाले नव्वद टन, म्हणजे दहा टन माल भरलेल्या नऊ ट्रकांइतके ओझे. ओतले जात असताना हे काँक्रीट चिखलासारखे पातळ असते. त्याच्या अंगी स्वतःची ताकद शून्य, आणि वजन मात्र पूर्ण. खाली साठ बल्ल्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला दीड टन येतो, तोही सगळ्या बल्ल्या सारख्या, सरळ आणि नीट टेकलेल्या असतील तर. एक बल्ली कुजकी निघाली की तिचा दीड टन भार साठ जणींमध्ये वाटला जात नाही. तो शेजारच्या दोन-चार बल्ल्यांवर जातो. त्यांतली एक मोडली की पुढच्यांवर. म्हणून सेंटरिंग पडते तेव्हा हळूहळू पडत नाही, रांगेने बसत जाते.

आता बल्लीची लांबी पाहा. वाळलेली तुराटी घ्या. तिचा वीतभर तुकडा जमिनीवर उभा धरून वरून दाबला तर सहजासहजी वाकत नाही. त्याच जाडीचा चार वीत लांब तुकडा तसाच दाबा. मध्ये बाक येतो आणि तो मोडतो. लाकूड चिरडून मोडत नाही, बाजूला वाकून मोडते. लांबी दुप्पट झाली की भार पेलण्याची शक्ती निम्मी होत नाही. ती चौथ्या हिश्श्यावर येते. ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञाने १७४४ मध्ये हा नियम मांडला. उलट, त्याच लांब तुराटीला दुसऱ्या कोणी बरोबर मध्यावर चिमटीत नुसते धरून ठेवले, तर ती जवळपास चौपट भार घेते. पुलाखालच्या टेक्यांना आडव्या आणि तिरप्या पट्ट्या, म्हणजे कैच्या, बांधतात त्या यासाठी. कैची वरून येणारे ओझे उचलत नाही. ती बल्लीला वाकू देत नाही. ती काही उचलताना दिसत नाही, म्हणून खर्च वाचवायचा झाला की पहिली तीच गाळली जाते.

तिसरी गोष्ट जमिनीची. मराठवाड्याची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि मऊ पडते. वाळली की भेगाळते. या मातीवर बल्ली नुसती उभी केली तर दीड टन भार बल्लीच्या टोकाएवढ्या जागेवर येतो. कोरड्या दिवसात ते खपून जाते. एक पाऊस झाला की बल्ली खाली जाते. दोन बोटे जरी ती खचली तरी वरचे ओझे ती शेजारणीवर टाकते. म्हणून बल्लीखाली रुंद फळी टाकली पाहिजे, माती धुम्मसाने ठोकून घट्ट केली पाहिजे आणि पाऊस झाला असेल तर प्रत्येक टेका पुन्हा तपासला पाहिजे. आमच्या ओढ्यावर मृगाचा पाऊस होऊन गेला होता. टेके तपासायला कोणीही खाली उतरले नव्हते.

चौथी गोष्ट ओतण्याच्या क्रमाची. काँक्रीट एका बाजूने ढीग लावत ओतले तर त्या बाजूचे टेके दबतात आणि दुसऱ्या बाजूचे हलके राहतात. सगळा सांगाडा एका अंगाला कलू लागतो. मिक्सर जवळ आहे, टोपलेवाल्यांना लांब जावे लागू नये, म्हणून असे ढीग साचतात. पाचवी गोष्ट दिवसांची. काँक्रीट दुसऱ्या दिवशी दगडासारखे दिसते, परंतु त्याची ताकद हळूहळू येते. तिची मोजणी अठ्ठावीस दिवसांनी करतात. भारतीय मानक संस्थेच्या आय. एस. ४५६ या संहितेप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटला, हवा फार थंड नसताना, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेके सात दिवस आणि त्याहून लांब स्लॅबखालचे चौदा दिवस ठेवावे लागतात. तुळईखालचे टेके सहा मीटरपर्यंत चौदा दिवस आणि त्यापुढे एकवीस दिवस. पुलांच्या टेक्यांसाठी भारतीय रस्ते महासभेची वेगळी मार्गदर्शिका आहे. म्हणजे नियम आहेत. पण प्लेटा आणि बल्ल्या भाड्याच्या असतात, त्या दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात, आणि भाडे दिवसावर चढत असते.

३

मोठ्या पुलांवर बल्ल्या नसतात. तेथे गर्डर, म्हणजे लांबच लांब तुळया, जमिनीवर तयार करून खांबांवर नेऊन ठेवतात. पद्धत बदलली तरी तत्त्व बदलत नाही.

दोन दगडांवर ठेवलेली फळी आणि खांद्यावरची कावड यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. फळीवर माणूस उभा राहिला की ती मध्ये वाकते. तिची खालची बाजू ताणली जाते. कावड खांद्यावर घेतली की टोके खाली जातात. तिची वरची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब चांगला सोसते. ताण मात्र त्याला जेमतेम दाबाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच सोसतो, आणि म्हणून जेथे ताण येणार त्या बाजूला लोखंड घालतात. पुलाची तुळई फळीसारखी बसणार या हिशेबाने लोखंड खालच्या बाजूला असते. हीच तुळई उचलताना दोर चुकीच्या ठिकाणी बांधले आणि ती क्षणभर कावडीसारखी झाली, तर तिला तडा जातो. आयुष्यभर हजारो ट्रकांचे ओझे वाहणारी तुळई बसवण्याच्या त्या एका क्षणी मोडू शकते. शिवाय खांबावर एकटी ठेवलेली तुळई उंच आणि अरुंद असते. काठावर उभ्या केलेल्या वहीसारखी. शेजारच्या तुळयांशी आडव्या भिंतींनी ती जखडली जाईपर्यंत एखाद्या धक्क्यानेही आडवी होऊ शकते.

गर्डर बसवणाऱ्या यंत्राला लाँचर म्हणतात. ते शेकडो टन वजनाचे असते आणि खांबांच्या माथ्यावर पाय ठेवून पुढे सरकते. पुढच्या खांबाला पोचेपर्यंत त्याचे पुढचे टोक अधांतरी असते. त्या वेळी मागची बाजू जड असली पाहिजे, पाय खांबाला जखडलेले असले पाहिजेत, उतारावर रोधक पक्के असले पाहिजेत, आणि गर्डर उचलल्यावर वजन कोठून कोठे सरकते याचा पायरीपायरीने हिशेब झालेला असला पाहिजे. यांतली एक पायरी गाळली तर नंतर सावरायला वेळ मिळत नाही. शहापूरच्या त्या रात्रीच्या दोषाचा निवाडा मी येथे करत नाही. कोणत्याही लाँचरवर कोठे नजर हवी तेवढे सांगतो आहे. मेलेल्या वीस जणांत मजुरांबरोबर अभियंतेही होते, आणि बहुतेक जण उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, तमिळनाडू अशा दूरच्या प्रांतांतून आलेले होते.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, मुंबई–गोवा महामार्गावर चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरील बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. सकाळी मोठा आवाज झाला आणि पूल मध्यभागी खचलेला दिसला. दुपारी गर्डर आणि वरचे यंत्र खाली आले. तेथे कोणीही मेले नाही. शहापूर आणि चिपळूण येथील यंत्रे, कामे, कारणे वेगवेगळी आहेत. त्यांची तुलना सरसकट करता येणार नाही. तरीही चिपळूणने एक गोष्ट दाखवून दिली आहे. पूल पुष्कळदा आधी सांगतो. तो करकरतो, वाकतो, त्याची भोके जुळेनाशी होतात, त्याला तडा जातो. पुलाने सांगितले ते ऐकून माणसे बाजूला झाली तर फक्त काँक्रीट आणि लोखंड पडते.

४

पुलाने सांगूनही ऐकले गेले नाही याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण कॅनडातील क्वेबेकचे आहे. सेंट लॉरेन्स नदीवर जगातला सर्वांत लांब गाळ्याचा पोलादी पूल बांधला जात होता. मूळचा सोळाशे फुटांचा मुख्य गाळा अठराशे फुटांचा करण्यात आला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर पुन्हा मांडला गेला नाही. चूक लक्षात आली तेव्हा बरेच पोलाद तयार झाले होते. तेव्हा आहे तेच चालवून घ्यायचे ठरले. मुख्य सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये बसून निर्णय देत होता; प्रकृतीमुळे तो कामावर येत नसे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या दाब सोसणाऱ्या तुळयांना बाक आलेला दिसू लागला. तुराटीला येतो तसाच बाक. एका तुळईचा बाक पाऊण इंच होता, तो महिनाअखेरीस सव्वादोन इंच झाला. बांधणारे म्हणाले की तुळई कारखान्यातूनच वाकडी आली असावी. तरुण अभियंता नॉर्मन मॅक्ल्यूर मोजमाप घेऊन न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला कूपरने भार वाढवू नका अशी तार केली, पण ती पेनसिल्व्हेनियातील कंपनीच्या कचेरीला. पुलावरच्या माणसांपर्यंत ती पोचली नाही. त्याच संध्याकाळी काम सुटण्याच्या सुमारास पूल कोसळला. पुलावरच्या ८६ माणसांपैकी ७५ मेली.

त्या पंचाहत्तरांपैकी तेहतीस जण काहनावाके या एकाच वस्तीतील मोहॉक आदिवासी होते. ज्यांची जमीन गेली, ज्यांना गोऱ्यांच्या समाजात बरोबरीचे स्थान नव्हते, त्यांना उंचावरचे जोखमीचे काम मात्र मिळत होते. 'या लोकांना उंचीची भीतीच वाटत नाही' असे त्यांच्याविषयी कौतुकाने म्हटले जाई. आपल्याविषयीही असेच म्हणतात; काटक आहेत, यांना ऊन लागत नाही. त्या अपघातानंतर काहनावाकेच्या बायकांनी आपली सगळी माणसे यापुढे एकाच कामावर जाणार नाहीत असा आग्रह धरला, असे सांगितले जाते. आमच्याकडे आजही एका मुकादमाच्या उचलीवर अर्धी वस्ती एकाच ट्रकमध्ये बसते.

क्वेबेकच्या राजकीय आयोगाने १९०८ साली अहवाल दिला. पुलाने बळी मागितला असे त्यात लिहिलेले नाही. चुकीचा हिशेब करणाऱ्यांची आणि तो मान्य करणाऱ्यांची नावे त्यात आहेत.

५

पुलाखाली उभ्या असलेल्या माणसाला धोका सर्वांत आधी कळतो, आणि काम थांबवण्याचा अधिकार सर्वांत शेवटी त्याला असतो, किंबहुना नसतोच. हा योगायोग नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात कामाबरोबरच काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी करते आणि ती वाटणी उतरंडीची असते. बांधकामावर ही उतरंड डोळ्यांनी दिसते. हिशेब करणारा बल्लीला हात लावत नाही आणि बल्लीला हात लावणाऱ्याला हिशेब विचारला जात नाही. बाने ऐकलेला आवाज ही मोलाची तांत्रिक माहिती होती. एखाद्या अभियंत्याने तीच सांगितली असती तर काम थांबले असते. बाच्या तोंडून ती निघाली म्हणून ती माहिती न राहता आगाऊपणा ठरली.

१९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयक आले तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. संप हा गुन्हा ठरवणे म्हणजे मजुराला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, म्हणजेच गुलामी, असा त्यांचा मुद्दा होता. तो वेतनापुरता मर्यादित समजण्याचे कारण नाही. करकरणाऱ्या स्लॅबवरून खाली उतरण्याचा हक्क हा काम नाकारण्याच्या हक्काचाच भाग आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकाम सुरक्षा कराराने हा हक्क स्पष्टपणे मांडला आहे: गंभीर धोका समोर आहे असे मानण्यास पुरेसे कारण असेल तर कामगाराने तेथून बाजूला व्हावे. आपल्याकडे १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला; तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कामगाराने धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणावा व मालकाने ताबडतोब उपाय करावा, असे ती म्हणते. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, ज्याचा मालक कोण हे त्यालाच माहीत नाही, त्याने कोणाच्या नजरेस काय आणावे?

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझी काही ठोस सूचना आहे. आपल्या भागात पुलाचे, टाकीचे, सभागृहाचे काम चालू असेल तर फलकावरची रक्कम वाचून थांबू नका. टेक्यांचा नकाशा आहे काय आणि त्यावर सही कोणाची आहे, हे विचारा. टेक्यांखाली फळ्या आहेत काय, कैच्या बांधल्या आहेत काय, पाऊस झाल्यावर कोणी तपासले काय, हे पाहा. काँक्रीट ओतताना टेक्यांखाली कोणीही थांबता कामा नये. मजुरांच्या झोपड्या आणि लेकरांच्या झोळ्या तेथे असतील तर आधी त्या हलवा. टेके कोणत्या तारखेला काढणार हे लिहून घ्या आणि दिवस मोजा. काम थांबवण्याचा अधिकार साइटवर कोणाला आहे, त्याचे नाव मजुरांना माहीत आहे काय, हे विचारा. आणि वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला घेऊन वस्तीतील प्रत्येक बांधकाम मजुराची मंडळाकडे नोंदणी करून घ्या, कारण कागदावर नसलेला माणूस मेल्यावर अपघातात मोजलाही जात नाही. यातले एकही काम करायला अभियंत्याची पदवी लागत नाही.

शिक्षक बांधवांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण दाब, ताण, आघूर्ण हे शब्द फळ्यावर लिहितो आणि परीक्षेत विचारतो. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप त्याच दाबाखाली उभे असतात, हे आपल्या लक्षात राहत नाही. विज्ञान आपल्या वस्तीत पोचले नाही म्हणून तेथे बळीची गोष्ट टिकून आहे.

हा लेख लिहीत असताना मी तुराटीचा प्रयोग बाला करून दाखवला. तो आता थकला आहे, गुडघे साथ देत नाहीत. त्याने पाहिले आणि म्हणाला, "हे मला ठाव हाय. बल्ली मधी धरावं लागतंय." मग बराच वेळ तो ती तुराटी हातात घेऊन बसला. "त्या दिशी आवाज म्या एकट्यानंच ऐकला असं न्हाई. समद्यांनी ऐकला व्हता," तो म्हणाला. "म्या उतरलो. तुझ्या मायला उतरवलं. वरडलो न्हाई. वरडलो असतो तर दुसऱ्या दिशी कामावर कोण घेतलं असतं?"

बळी कोणी घेतला याचे उत्तर मला बाच्या या शेवटच्या प्रश्नात दिसते. वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला मी अजून एवढे सविस्तर सांगितलेले नाही. येत्या रविवारी आमच्या वस्तीतील सेंटरिंगवर जाणारी पोरे बुद्धविहारात जमणार आहेत. त्यालाही बोलावले आहे. तुराट्या मी नेणार आहे. बोलायचे मात्र बाने कबूल केले आहे.